सोप्यातला सोफा

माझ्याच घरात, मी न घेतलेल्या सोफ्यावर, मी न सांडलेल्या चहाच्या डागाचे 800 रुपये मी परवा मंगळवारी भरले. एजंट पोरगा म्हणत होता, ‘काका, फोनवरनं टाका की.’ मी मुद्दाम पन्नासच्या सोळा नोटा काढल्या. त्यातल्या दोन चिकटपट्टीच्या होत्या, त्या मधे घातल्या आणि एकेक मोजून त्याच्या हातावर ठेवली. सूड म्हणून माझी मजल एवढीच जाते.

घर बेळगावच्या शहापुरातलं. पुढून बघितलं तर बारा फूट, पण आत शिरलं की संपत नाही. सोपा म्हणजे पुढची बसायची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परडं, परड्यात आड आणि आडामागं बोळात उघडणारं दार. विकायचं का, ते सांगत बसत नाही. बायकोचे गुडघे आणि मुलीचं पुणं, एवढ्यावर समजून घ्या.

मुलगीच म्हणाली, ‘बाबा, घर आहे तसं दाखवायचं नसतं. स्टेज करायचं असतं.’ मला स्टेज म्हटलं की गणपतीचा मांडव आठवतो. तिनं समजावून सांगितलं. अमेरिकेत घर विकायच्या आधी त्यातली माणसं दिसेनाशी करतात. फोटो काढायचे, पसारा हलवायचा, भिंतींना कुणाला आवडणार नाही पण कुणाला खुपणारही नाही असा रंग द्यायचा, भाड्यानं सोफा आणायचा. बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं कुणी राहतच नाही, मीच राहायला आलोय. वर तिनं एक पाहणीही पाठवली. तिथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सनं 2023 साली विचारलं, तेव्हा गिऱ्हाइकाकडच्या 81 टक्के एजंटांनी सांगितलं म्हणे, की घर असं सजवलं तर घेणाऱ्याला ते आपलं म्हणून डोळ्यांसमोर आणायला सोपं जातं. मी म्हटलं, हे एजंट सांगतायत. घेणाऱ्याला कुठं विचारलंय? दूध उघडं ठेवावं का, हे मांजराला विचारल्यासारखं झालं.

मी 31 वर्षं उद्यमबागेत एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला होतो. कास्टिंगमध्ये हवा अडकून भोक राहतं, त्याला ब्लो होल म्हणतात. ते दिसू नये म्हणून पुट्टी भरायची, घासायचं, वरनं रंग मारायचा. असला माल पकडणं हे माझं काम. हातोडीनं वाजवायचं. चांगलं कास्टिंग खणखणतं, भेगाळलेलं बद्द बोलतं. तेव्हा मी मुलीला स्वच्छ सांगितलं, ‘ही पुट्टी आहे. मी आयुष्यभर जे नापास केलं ते घराला लावणार नाही.’

बायको साय विरजत होती. तिथूनच म्हणाली, ‘पुट्टी मारलेला माल तुमच्या फौंड्रीतनं जायचा की नाही?’

‘कधी कधी जायचा.’

‘मग?’

यावर तीन दिवस विचार केला. उत्तर सापडलं नाही, म्हणून एजंटाला होय म्हणालो.

एजंटानं छोटा टेंपो भरून माल आणला. राखाडी सोफा, दोन पिवळ्या उशा, प्लास्टिकचं उंच झाड, पायपुसण्याहून थोडा मोठा गालिचा आणि एक चौकट. चौकटीत मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘होम’ लिहिलेलं. घरात घर लिहून ठेवायची वेळ का यावी, मला कळेना. भाडं तीन दिवसांचं 3,500. आमच्या सोप्यात आजवर सोफा कधी नव्हता. जाजम होतं, लाकडी बाक होता आणि भिंतीला पाठ टेकून बसणारी माणसं होती. त्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग अजून ओळीनं दिसतात. कुठला डाग कुणाचा ते मी सांगू शकतो. एजंटानं त्यावर रंगाचा एक हात मारून घेतला.

मग काढाकाढी सुरू झाली. कॅलेंडर काढा, शिलाई मशीन माळ्यावर टाका, पितळेची घागर नको, चपला दिसता कामा नयेत. वडिलांचा चंदनाच्या हाराचा फोटो फडताळात गेला, तोही पालथा. ‘काका, मयत माणसांचे फोटो बघून गिऱ्हाईक बिचकतंय.’ आमच्या लग्नाचा फोटो गेला. त्यात मयत कुणी नव्हतं, पण त्यानं बिचकण्यासारखं काहीतरी बघितलं असावं. शिवाजी महाराजांच्या तसबिरीला हात घातला तेव्हा मात्र बायको उठली. गुडघे धरूनच उठली. ‘महाराज जागचे हलायचे नाहीत.’ तो म्हणाला, ‘काकू, गिऱ्हाईक कुठल्या भाषेचं येईल सांगता येत नाही. न्यूट्रल बरं असतंय.’ बायको म्हणाली, ‘ज्याला महाराज चालत नाहीत त्याला आमचा आडही चालायचा नाही.’ महाराज राहिले. वडिलांच्या फोटोच्या जागी भिंतीवर लख्ख चौकोन उमटला होता, चाळीस वर्षं धूळ न लागलेला. तो झाकायला त्यानं ‘होम’ची चौकट लावली. ती त्या चौकोनाहून बोटभर लहान. त्यामुळं ‘होम’च्या चारी बाजूंनी माझे वडील डोकावत राहिले.

न्यूट्रल म्हणे. या गावात न्यूट्रल काय राहिलंय? आजोबांचं खरेदीपत्र सांगली संस्थानाच्या स्टॅम्पावर, मोडीत. वडिलांचं वाटणीपत्र मराठीत. माझा उतारा कन्नडात. घर जागचं वीतभर हललं नाही. 1956 साली हललं ते राज्य. पुढं 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं, पाट्या रंगल्या, पण पत्ता विचारणारा अजूनही ‘ते चिंचेच्या झाडाजवळ’ असंच विचारतो आणि चिंच जाऊन वीस वर्षं झाली. तसं बघितलं तर स्टेजिंग आम्हाला नवं नाही. इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरायचं म्हटलं की त्या अंगाच्या रस्त्यांना तेवढ्यापुरतं तेज येतं. खड्डे बुजतात, दुभाजकावर काळे-पांढरे पट्टे येतात, कुंड्या उगवतात. पाहुणे गेले की कुंड्याही जातात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो खड्डा आहे त्याचं दुर्दैव एवढंच, की कुठल्याच मंत्र्याला शहापुरात यायचं नसतं. तीन अर्ज दिले. पोच मिळाली, खड्डा तसाच. गेल्या पावसाळ्यात त्यात पडून बायकोचा उजवा गुडघा गेला. डावा आधीच गेलेला होता. म्हणजे हे घर विकायचं निम्मं कारण तो खड्डा आहे. एजंट मात्र म्हणाला, ‘काका, खड्ड्याचं गिऱ्हाइकाला आपणहून सांगू नका.’

खरं तर बेळगावात घर बघायला येणारा माणूस सोफा बघतच नाही. पहिला प्रश्न, पाणी किती दिवसांनी येतंय. दुसरा, गाडी कुठं लावायची. तिसरा, ई-खाता, म्हणजे घराचा संगणकावरचा उतारा, झालाय काय. चौथा प्रश्न नसतो, हिशोब असतो. 45 लाखांच्या वर गेलं की 5 टक्के स्टॅम्प, त्यात 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी फी 1 टक्क्याची 2 टक्के झाली. हे सगळं सरकारला त्यानं भरायचं, पण वजा माझ्या किमतीतनं करायचं. यात पिवळ्या उशा कुठं बसतात?

वासाचा प्रश्न राहिला होता. मुलीचं म्हणणं, तिकडं गिऱ्हाईक यायच्या वेळेला पाव किंवा बिस्किटं भाजतात, त्या वासानं घर घरासारखं वाटतं. एजंटानं मोगऱ्याचा फवारा आणला होता. बायको म्हणाली, ‘कसले फवारे? आठवड्याचं लोणी साठलंय, कढवते.’ इथपर्यंत सगळं ठीक होतं.

रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. पावणेअकराला एजंट मला म्हणाला, ‘काका, तुम्ही जरा बाहेर थांबा. मालक समोर असला की गिऱ्हाईक मोकळं बोलत नाही.’

‘आणि काकू?’

‘काकू असू देत. लोणी हाय न्हवं.’

तर मी समोरच्या कट्ट्यावर. माझ्या जन्माच्या वेळी ज्या दारातनं सुईण आत गेली त्या दाराकडं तोंड करून. समोरच्या काकू धुणं वाळत घालता घालता म्हणाल्या, ‘काय ओ, बाहेर काढलं काय?’ मी म्हटलं, ‘तसंच समजा.’ त्यांनी तसंच समजलं असावं, कारण आतनं माझ्यासाठी चहा आला आणि वर दोनदा सांगणं झालं, ‘राग शांत झाला की जावा.’

गिऱ्हाईक आलं. नवराबायको तरणी, आणि सोबत एक मामा. खानापूरकडचे. पांढरी टोपी, धोतर, खांद्याला कापडी पिशवी. मामांनी दारातच थांबून नाक वर केलं आणि ते सरळ आत गेले, सोफ्याकडं न बघता, वासाच्या दिशेनं.

दहा मिनिटं मी दम धरला. मग बोळातनं वळसा घालून मागच्या दारानं हळूच परड्यात शिरलो, ऐकावं म्हणून. आपल्याच घरात चोरासारखं शिरताना कडी वाजू नये म्हणून किती काळजी घ्यावी लागते, हे त्या दिवशी कळलं. आडाजवळ पोचतोय तोवर स्वयंपाकघराचं दार उघडून मामा बाहेर. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा.

‘तुमी कोण ओ?’

मालक, एवढंच म्हणायचं होतं. पण बाहेर थांबायचं ठरलं होतं, आणि तोंडातनं निघून गेलं, ‘शेजारचा.’

भिंतीवर फोटो असता तर तिथंच पकडला गेलो असतो.

‘बरं झालं. बसा.’ मला माझ्याच धुण्याच्या दगडावर बसवून मामा आडाच्या कठड्याला टेकले आणि वाटी पुढं केली. ‘बेरी हाय. खाणार काय?’

बेरी म्हणजे तूप कढवल्यावर तळाला राहते ती. वाटी आमची, बेरी आमची. घेतली. वर साखर होती, चांगली दोन चमचे. गेली सहा वर्षं बायको मला बेरी कोरडी देते, मधुमेह म्हणून. अनोळखी माणसाला दोन चमचे.

‘आता खरं सांगा, शेजारी म्हणून. घर कसं हाय?’

‘चांगलं आहे.’

‘तसं न्हवं. एजंट बी चांगलंच म्हणतंय. तुमचं काय जातंय, सांगा की खरं.’

‘जुनं आहे. पण मजबूत.’

‘आणि मालक?’

‘बरा आहे.’

‘बरा म्हणजे? भांडतोय काय?’

‘नाही हो.’

‘बाई लई चांगली. सरळ सांगून टाकलं तिनं. माजघराच्या भितीला आषाढात ओल येतीया. पयली येत न्हवती म्हणाली. मालकानं शानपणा करून मातीच्या भितीला शिमीट मारलं, तवापासनं.’

हे खरं आहे. 1996 साली मीच मारून घेतलं. मातीची भिंत पाणी घेते आणि सोडते. तिला सिमेंटचा गिलावा लावला की घेतलेलं पाणी सोडायला वाट राहत नाही, मग ते वर चढत जातं आणि पापुद्रे सुटतात. हे मला नंतर कळलं. सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण खानापूरच्या माणसाला ते सांगायची गरज होती का? एजंटानं नवी पुट्टी, नवा रंग, वरनं ‘होम’, एवढं करून झाकलं, आणि आमच्या बाईंनी बेरीच्या एका वाटीवर मोकळं केलं!

मामांनी पिशवीतनं पाच रुपयांचं जुनं जाड नाणं काढलं. ‘हे बगा.’ न्हाणीच्या भिंतीवर वाजवलं. टण. दीड हात खाली वाजवलं. बद्द.

माझा जीव खाली गेला. एक, भिंत पोकळ निघाली म्हणून. आणि दोन, कुणीतरी मला बद्द आवाज ऐकवत होतं.

‘तुमी वाजवा,’ म्हणाले. मी नाणं घेतलं, वाजवलं, कान लावला आणि सवयीनं म्हणालो, ‘गिलावा सुटलाय, भिंत ठीक आहे.’

मामांनी नाणं परत घेतलं. ‘असू दे. तुमाला कळायचं न्हाई. त्याला कान लागतंय.’

31 वर्षं. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हच्या बॉड्या, किती हजार वाजवल्या असतील. एकही परत आली नाही, म्हणजे दोनच आल्या. आणि माझ्याच न्हाणीसमोर मला कान नाही. शेजारी झालो होतो, बोलणार काय?

‘आणि त्यो सोफा,’ मामा आवाज उतरवून म्हणाले, ‘त्यो मालकाचा न्हवं.’

‘कशावरनं?’

‘मागल्या आयतवारी हिंदवाडीत बगितला. त्याच्या आदी तिसऱ्या गेटाजवळ. तिथं बी हेच झाड, ह्याच पिवळ्या उशा. सूनबाई म्हणाली, मामा, सगळ्यांची आवड एकसारखी कशी ओ? मी गप बसलो. हिंदवाडीत माझ्याच हातनं चा सांडला. उशी उलटी करून ठेवली. डाव्या अंगाची. जाऊन बगा.’

‘मग हे घर घेणार काय तुमी लोक?’

‘छ्या! भाचा सा म्हयने घरं बगतंय. हे सतरावं. मला संगट नेतंय, मला कळतंय म्हणून. भात झोडून झालंय, मला बी काय काम हाय?’ मग त्यांनी बोटं मोडत हिशोब सांगितला. हिंदवाडीत उप्पीट मिळालं, रवा कच्चा होता. तिसऱ्या गेटाला नुसतं पाणी. अनगोळला चहा, पण बिनसाखरेचा, आणि घरमालकीण साखरेचं विचारायला विसरली. ‘आतापतूर हेच घर एक नंबर,’ असं म्हणून त्यांनी वाटी चाटून स्वच्छ केली आणि मला दिली. शेजाऱ्यानं धुऊन द्यावी म्हणून असेल. मी आडावर विसळली. जाताना माझा फोन नंबर घेतला. ‘शेजारी वळकीचा असला तर बरं असतंय.’

माणसं गेल्यावर मी पुढच्या दारानं, मालक म्हणून, आत आलो. डाव्या अंगाची पिवळी उशी उलटी केली. डाग होता. हाताच्या तळव्याएवढा, कडेनं तांबूस, मधे फिका, वाळून कडक झालेला. कडेला चहापत्तीचा एक कण अजून चिकटून होता.

इथं शहाणा माणूस उशी परत पालथी घालतो. मी एजंटाला हाक मारली. मला वाटलं, आता सापडला. एकच सोफा गावभर फिरवतोस आणि आमच्याकडनं खास म्हणून पैसे घेतोस! त्यानं डाग बघितला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, ‘काका, चहा सांडला काय?’

‘हा आधीचा आहे.’

‘आधीचा कसा असेल? कुणी सांगितलं?’

कुणी सांगितलं ते सांगायचं तर परड्यातनं शिरलो ते सांगावं लागणार. मी गप्प. बायको आतनं बाहेर आली, डागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘समोर चहा पिऊन आलात ना? पुसायचं तरी.’

सोमवारी टेंपो आला, सोफा गेला. मंगळवारी 800 रुपये. पावती मागितली तर म्हणाला, ‘काका, एवढ्याची कशाला?’ वडिलांचा फोटो परत लावायला गेलो तर जुना खिळा त्या ‘होम’च्या नादात उपसून निघाला होता, आणि त्याच्याबरोबर मूठभर गिलावा. आत माती दिसते. कोरडी, तांबडी, चांगली. वडील तूर्त बाकावर आहेत, भिंतीला टेकून.

काल रात्री साडेनऊला फोन आला.

‘शेजारी काय ओ?’

बायको समोर बसलेली. मी म्हटलं, ‘हो, बोला.’

‘भाच्याचं मन बसलंय बगा त्या घरावर. मालक किती उतरंल?’

‘नाही हो उतरायचा. ताठ आहे.’

‘दोन लाख तरी?’

‘पन्नास हजार फार तर.’ हे कोण बोललं, मला अजून कळलेलं नाही. मालकानं अजून एक रुपया उतरवला नव्हता, शेजाऱ्यानं पन्नास हजार उतरवले. बायकोनं हातातलं निवडणं थांबवलं.

‘आनी ओल? तुमी खरं सांगा.’

‘आषाढात या. डोळ्यांनी बघा.’

पलीकडं जरा वेळ शांतता. मग मामा म्हणाले, ‘येतो की. खरं त्या बाईला आदी इचारून ठेवा, लोणी कुठल्या वारी कढवती म्हणून.’